तसबिरीमागची ओल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर जी तसबीर ठेवतात, तिच्यातल्या हत्तीला सोंड नाही. दर्शनाला येणारी मंडळी ते पाहतात, आणि सभ्यपणाने काही विचारीत नाहीत. ती सोंड कुठे गेली हे सांगायचे तर मला एक जुना अपराध कबूल करावा लागेल. पण आधी ती तसबीर घरात आली कशी, ते सांगतो.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली आपला शिळाछापखाना काढला तो आमच्या गिरगावात. आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती युरोपातून छापवून घ्याव्यात असे सर टी. माधवराव यांनी त्यांना पूर्वीच सुचविले होते. रविवर्म्यांनी यंत्रे व तंत्रज्ञच जर्मनीहून इकडे आणले. एकेका रंगाला वेगळा दगड, तेलात खललेली शाई आणि वरून रोगणाचा हात, असा तो खटाटोप. त्यामुळे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या काही वर्षांत छापखाना गिरगाव सोडून अखेर लोणावळ्याजवळ मळवलीला स्थिरावला, आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली मळवलीला आग लागली आणि तिथला बराच ठेवा भस्म झाला.

म्हणजे मूळ जागी जे होते ते गेले; राहिले ते घरोघरच्या खिळ्यांवर. आणि मुंबईतला खिळा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको! वर्षाचा दोन हजार मिलिमीटरांवरचा पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता शेकडा ऐंशीच्या वर असते. बुरशीला पासष्ट-सत्तरही पुरते. कागद ही ओल पितो, फुगतो, उन्हाळ्यात पुन्हा आक्रसतो. पाठीमागच्या फळीतली आम्लता त्याला पिवळा करते, आणि उरलेले काम कसर व वाळवी वाटून घेतात. त्यातून आमची तसबीर पश्चिमेच्या, पाऊस खाणाऱ्या भिंतीवर. दुसरी भिंत होती कुठे?

आजी मात्र दर आश्विनात, पाऊस गेला की, ती तसबीर खाली उतरवी. मागचे खिळे उपसून, फळी काढून, चित्र धुवट पंचावर दिवसभर पसरून ठेवी, तेही सावलीत. उन्हात ठेवू का विचारले तर म्हणे, "अरे, लक्ष्मी आहे ती, पापड नव्हे!" उन्हाने रंग उडतात आणि रोगणाला भेगा पडतात, हे तिला कोणी शिकविले कोण जाणे. त्याच दिवशी ट्रंकेतली पैठणी मलमलीतून निघे आणि जुन्या घड्या मोडून नव्या जागी घातल्या जात, कारण एकाच घडीवर जर तुटते. पोथ्यांच्या बासनात नवे वेखंड पडे. शेवटी तसबिरीच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून बाटलीची दोन बुचे बसवून ती पुन्हा भिंतीवर चढे. त्या बुचांना आम्ही मुले हसत असू. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर वारा खेळावा म्हणून ती होती, हे मला पुढे फार वर्षांनी एका संग्रहालयात कळले. तिथे मंडळी तेच करीत होती, फक्त बुचे देखणी होती.

आजी गेली आणि दोन आश्विन तसेच गेले. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्याला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरांवर पाऊस झाला. आमच्या भिंतीतून पाणी नुसते पाझरले नाही, वाहिले. सकाळी पाहतो तो कागद काचेला चिकटलेला. मी सतरा वर्षांचा होतो आणि मला ती वाचवायची होती. ओला कागद ओढायचा नसतो. काचेसकट आडवा ठेवून जाणत्याला दाखवायचा असतो. मी ओढला. सोंड काचेवर राहिली. आई काही बोलली नाही, हेच वाईट.

पुढे २६ जुलै २००५ ला पावसाने उलटी तऱ्हा केली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही गिरगावकर कोरडे राहिलो आणि परळच्या आत्याच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी. तिच्या लग्नाचे फोटो कॉटखालच्या ट्रंकेत होते. ते एका लगद्यात निघाले. आपली एक गंमतच आहे. घरातली नावडती जागा दोनच, कॉटखाली आणि पोटमाळ्यावर, आणि जिवापाड जपायच्या वस्तू नेमक्या तिथेच! खाली पूर येतो, वर पत्र्याची भट्टी आणि गळती. आत्याला मी नंतर म्हटले, मधल्या फळीवर ठेवायचे होतेस. ती म्हणाली, "मधल्या फळीवर रोजचे डबे असतात." यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचत नाही. एवढ्याशा खोलीत सुरक्षित कोपरा नसतोच. वर्षातून एकदा सगळे बाहेर काढून पाहणारे माणूस तेवढे असते, आणि आमच्याकडे ते आजी होती.

आता ते काम मी करतो. यंदाही तसबीर उतरवली. काच कागदाला टेकू नये म्हणून मधे जाड सुती कागदाची चौकट घातली आहे, मागची जुनी फळी काढून टाकली आहे. बुचे मात्र आजीचीच आहेत. सोंडेची काच आईने मलमलीत गुंडाळून फडताळाच्या मधल्या फळीवर ठेवली होती. तीही उघडून पाहिली. हार अजून सोंडेत आहे.