ब्रूजचे पाणी आणि ब्रूजचे हमाल

ब्रसेल्सहून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासाने ब्रूजला जावे आणि एक दिवस सहकुटुंब तेथील कालव्यांच्या काठाने हिंडावे, एवढाच आमचा बेत होता. परंतु होडीत बसल्यावर दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंती, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि ज्यांखालून जाताना मान आपोआप लवते असे ठेंगणे पूल पाहता पाहता, हे जलमार्ग शोभेसाठी नव्हे तर एका प्रचंड पेठेच्या मालवाहतुकीसाठी राबलेले आहेत, ही गोष्ट मनावर ठसू लागली.

समुद्रापासून सुमारे 15 किलोमीटर आत वसलेल्या या गावाला बंदर दिले ते 1134 च्या वादळाने. त्या वादळात किनारा फुटून झ्विन ही खाडी खोलवर शिरली, आणि पुढे मोठी गलबते तिच्या मुखापाशी नांगर टाकू लागली. त्यांतला माल दामे येथे लहान होड्यांत चढे, जकात भरे आणि कालव्याने थेट मुख्य चौकातल्या जलगृहात, म्हणजे पाण्यावरच छप्पर घालून उभारलेल्या विस्तीर्ण वखारीत, येऊन उतरे. इंग्लंडची लोकर, हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचे मेण आणि कातडी, 1277 पासून समुद्रमार्गे येऊ लागलेल्या जेनोआच्या गलबतांतला भूमध्य प्रदेशाचा जिन्नस, आणि अरबांच्या व व्हेनिसकरांच्या हातांतून आलेली आपल्या मलबारची मिरी, असा सारा ऐवज येथे एकवटत असे. जलगृह 1787 मध्ये पाडण्यात आले. आज त्या जागी पाण्याचा मागमूसही नाही.

यान व्हान आयक चौकात पंधराव्या शतकातले जकातघर अद्याप दिमाखात उभे आहे. मात्र त्याला खेटून असलेल्या अरुंद घराच्या दर्शनी भागावर ओझी वाहणाऱ्या हमालांच्या छोट्या दगडी मूर्ती आहेत, त्यांपुढे मी अधिक वेळ थांबलो. सेंट जॉनच्या जुन्या रुग्णालयात हान्स मेमलिंगचे 1479 चे वेदीचित्र आहे; त्यातील मेरीमातेच्या मागे, खांबांच्या फटीतून, शहरातली लाकडी यारी आणि मद्याची पिंपे नखाएवढी रंगविलेली आहेत, ती आमच्या धाकट्या कन्येने आधी हेरली. या यारीच्या पोटात मोठी चाके असत आणि माणसे त्यांच्या आत शिरून चालत राहिली, म्हणजे दोर गुंडाळला जाऊन पिंप वर उचलले जाई. सरदारांच्या व सावकारांच्या तसबिरींनी गाजलेल्या या नगरीचे वैभव त्या पावलांवर उभे होते, असे मला मनापासून वाटते.

खाडी गाळाने भरली आणि ब्रूज बुडाले, असे सर्वत्र सांगितले जाते. पण त्यात निसर्गावर नको तेवढा बोल येतो. झ्विनच्या काठच्या खाजणांना बांध घालून शेतजमिनी कमावण्याचा उद्योग मठांनी आणि जमीनदारांनी पिढ्यानपिढ्या चालविला. भरतीचे पाणी पसरायला जागा उरेना, त्यामुळे ओहोटीचा गाळ वाहून नेणारा जोर ओसरला आणि पात्र उथळ होत गेले. त्यातच 1488 मध्ये नागरिकांनी आपल्या सनदी हक्कांसाठी या मुलखाचा कारभार हाकणाऱ्या आर्चड्यूक मॅक्सिमिलियन यालाच कित्येक आठवडे कैदेत ठेवले, आणि सुटका झाल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पकडे वळविले. 1501 मध्ये पोर्तुगीजांनी नव्या सागरी मार्गाने आणलेली मिरी उतरली ती अँटवर्पलाच. नऊ वर्षांनी त्याच पोर्तुगीजांनी गोवा घेतला.

पुढची तीन-चार शतके दारिद्र्याची. एकोणिसाव्या शतकात असंख्य गरीब स्त्रिया व मुली उशीवर टाचण्यांचा नमुना मांडून, लाकडी रिळांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवीत, तुटपुंज्या मजुरीवर लेस विणीत. नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनी घरे राहिली, आणि आज ज्या प्राचीन सौंदर्यासाठी जग येथे लोटते, ते अशा रीतीने टिकले. जॉर्ज रोडेनबाखने 1892 मध्ये या शहराला मृत ठरविणारी कादंबरी लिहिली तेव्हा येथील लोकांना राग आला, तो मला रास्त वाटतो. कारण त्याच सुमारास ते पुन्हा समुद्र गाठण्याच्या खटपटीत होते, आणि झेब्रुखचे बंदर व तेथवरचा नवा कालवा 1907 मध्ये खुला झालाही.