समुद्र होता की माळरान?

डायनोसॉर म्हटलं की आपल्याला आधी हाडं आठवतात, नाहीतर मग स्पीलबर्ग. पण गेले काही वीकेंड लमेटा नावाच्या खडकांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि आता असं वाटायला लागलंय की हाडं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड प्रश्न वेगळाच. हा प्राणी ज्या जमिनीवर उभा होता ती जमीन कशी होती? पाऊस किती पडायचा? पायाखाली वाळू होती की चिखल? हाड दगडात टिकतं हे समजू शकतो, पण अख्खा परिसर दगडात टिकतो कसा, आणि तो वाचायचा कसा?

आधी थोडी ओळख. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्याच्यावरून या खडकांचं नाव पडलं. वाळूचा दगड, चिकणमाती, चुनखडक असे हे थर, आणि त्यांच्यावर डेक्कन ट्रॅपचा काळा कातळ. आपण दर पावसाळ्यात ज्या गडांवर ट्रेकला जातो ना, तोच कातळ. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला, आणि त्याच्याखाली जी जमीन गाडली गेली तिचे उरलेले तुकडे म्हणजे लमेटा. ते जबलपूरला दिसतात, धार जिल्ह्यात दिसतात, गुजरातेत बालासिनोरकडे दिसतात, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुऱ्यालाही दिसतात.

१८२८ साली कॅप्टन स्लीमनला (ठगांचा बंदोबस्त करणारा तोच) जबलपूरला मोठाली हाडं सापडली. गंमत म्हणजे 'डायनोसॉर' हा शब्दच अजून जन्मला नव्हता, तो आला १८४२ मध्ये. त्या हाडांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव लायडेकरने दिलं ते १८७७ मध्ये. पुढे १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली आणि दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर खोदकाम केलं. मॅटलीने तिथले थर खालून वर नीट लावून दिले: हिरवा वालुकाश्म, खालचा चुनखडक, ठिपक्याठिपक्यांचा गाठाळ थर, वरचा चुनखडक आणि शेवटी वाळू. हाडांवरचा मोठा ग्रंथ १९३३ मध्ये आला. म्हणजे शंभर वर्षं प्राण्याची ओळख पटवण्यातच गेली. जमिनीचा प्रश्न राहूनच गेला.

मग १९६० नंतर त्याकडे लक्ष गेलं, आणि बऱ्याच अभ्यासकांचं उत्तर आलं: समुद्र. म्हणजे खोल समुद्र नव्हे, किनारा, खाडी, भरती-ओहोटीचा पट्टा. १९८१ मध्ये इंद्रबीर सिंग यांनी जबलपूरच्या थरांचा अर्थ असाच लावला. हे उगाच नव्हतं हं. चुनखडक बहुतेक वेळा समुद्रात तयार होतो. हिरवा रंग ग्लॉकोनाइट नावाच्या खनिजामुळे येऊ शकतो, आणि तेही समुद्रातलंच. वाळूतले तिरके थर भरती-ओहोटीने झाल्यासारखे दिसत होते. त्यात पुन्हा किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या बिळांसारखी बिळं. एवढे पुरावे एका बाजूला असताना कोणीही हेच म्हटलं असतं.

पण जवळपास त्याच सुमाराला गुजरातेत खेडा जिल्ह्यात डायनोसॉरची अंडी सापडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी १९८३ मध्ये ती जाहीर केली, आणि ती होती चुनखडकात. पुढे जबलपूरच्या खालच्या चुनखडकातही घरटी मिळाली. आता जरा विचार करा. हाड वाहून येऊ शकतं, मेलेलं जनावर नदीतून समुद्रापर्यंत जाऊ शकतं. घरटं मात्र वाहून येत नाही. आणि रोज भरतीचं पाणी चढणाऱ्या जागी कोण कशाला अंडी घालेल?

म्हणजे प्राणी तेच, थर तेच, चुकत होता तो 'चुनखडक' या शब्दाचा अर्थ. १९८७ मध्ये ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी, आणि नंतर १९९० आणि १९९५ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे एस. के. टंडन आणि सहकाऱ्यांनी, या थरांचं बारकाईने वाचन केलं. निष्कर्ष असा, की जबलपूरचा हा चुना समुद्राच्या तळाशी साठलेला नाही, तो जमिनीच्या पोटात तयार झालाय. याला कॅल्क्रीट म्हणतात.

हे समजून घ्यायला पुस्तक नको, सोलापूर किंवा मराठवाड्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. विहीर खणताना काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात, कुठे कुठे तर त्यांचा कडक थरच असतो. कारण साधं आहे. पाऊस बेताचा, कोरडा ऋतू लांब. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं, पण तो पार धुवून नेण्याइतकं पाणी नसतं. मग उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. असं वर्षानुवर्षं झालं की खडा तयार होतो, खडे एकमेकांना चिकटले की थर.

लमेटात नेमकं हेच दिसलं. चुन्याच्या गाठी, मुळांच्या जागी चुना भरून झालेल्या नळ्या, माती सुकून पडलेल्या आणि पुन्हा भरलेल्या भेगा, पाण्याची पातळी वरखाली झाल्यावर मातीवर उमटतात तसे लाल-हिरवे डाग. यातला एकेक पुरावा वेगळा काढला तर त्याला दुसरंही स्पष्टीकरण देता येईल. पण सगळे एकाच थरात, एकत्र? ते फक्त उघड्या जमिनीवर जमतं. आमच्याकडे बग शोधताना हेच करतो आपण: एका लक्षणाची दहा कारणं असतात, पाच लक्षणं एकदम समजावणारं कारण बहुधा एकच.

यातून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. आपण समजतो की दगडाचा थर म्हणजे काहीतरी साठल्याची नोंद. कॅल्क्रीट उलट आहे. जेव्हा फारसं काही साठत नव्हतं, जमीन हजारो वर्षं नुसती उघडी पडून होती, त्या काळाची ती नोंद आहे. लॉग फाइलमध्ये एंट्री नाही म्हणून सर्व्हर बंद होता असं थोडंच असतं? इथे तर त्या शांततेनेच आपली सही ठेवलीय. आणि त्या काळात त्या जमिनीवर मुळं वाढत होती, तळी भरत होती, आटत होती, आणि टायटॅनोसॉर अंडी घालत होते.

पिसदुऱ्याचं चित्र थोडं निराळं. तिथली लाल माती पुराच्या पाण्याने पसरलेली, आणि जवळच डोंगरगावला तळ्याचे थर, त्यात मासे. पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण मिळतं. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. तोपर्यंत गवत डायनोसॉर संपल्यावर आलं असा समज होता. अर्थात म्हणून तिथे आजच्यासारखी कुरणं होती असं नाही, त्या शेणात इतर झाडांचेही अंश आहेत.

आणि समुद्रवाले सगळीकडेच चुकले असंही नाही. पश्चिमेला धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात लमेटाच्या खाली खरोखर समुद्राचे थर आहेत, आणि त्या बाजूच्या लमेटात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ग्लॉकोनाइटच्या आधारे खाडीसारखी परिस्थिती मांडली. थोडक्यात, लमेटा म्हणजे एक चित्र नव्हे, शेजारशेजारची अनेक चित्रं. धार जिल्ह्यातूनच २०२३ मध्ये ९२ घरटी आणि २५६ अंडी जाहीर झाली.

आता मुद्द्याचं. गुजरातेतली अंडी सिमेंटसाठी चुनखडक काढायच्या खाणीत दिसली होती. खाण नसती तर ती कदाचित दिसलीच नसती, आणि खाण चालू राहिली तर उरणार नाहीत, असा हा पेच. बालासिनोरजवळ रैयोलीला जागा राखली गेली, २०१९ मध्ये संग्रहालयही झालं, हे उत्तमच. पण संग्रहालयात हाड नेता येतं, अंडं नेता येतं. अंडं कुठल्या थरात होतं, त्याच्या वर मुळं होती की भेगा, बाजूला वाळू होती की चिखल, हे कपाटात मावत नाही. पिसदुऱ्याला तर बरंच काही शेतात सुटंच मिळतं, म्हणजे त्याचा थराशी असलेला संबंध आधीच तुटलेला. 'समुद्र की जमीन' हा वाद काचेच्या पेटीतली हाडं बघून कधीच सुटला नसता, तो सुटला थर जागेवर होते म्हणून.

तेव्हा नागपूर-चंद्रपूरकडे कधी गेलात आणि काही वेगळा दगड दिसला, तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला कळवा. खिशात मात्र घालू नका. घरी शोकेसमध्ये तो नुसता दगड असेल, तिथे मात्र तो पत्त्यासकट आहे.