जिलेटिन पेपर आणि कृत्रिम मूत्रपिंड

शहाड म्हटले की सेंच्युरी रेयॉन आठवते. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवला, की मधासारखा दाट द्राव मिळतो. त्याला व्हिस्कोज म्हणतात. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला, की रेशमासारखा धागा तयार होतो. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी शोधलेली ही रीत शहाडला १९५० च्या दशकात आली. हाच द्राव लांब फटीतून सोडला, तर धाग्याऐवजी पातळ, पारदर्शक कागद मिळतो. तो सेलोफेन. या कागदाने एकदा माणसाचे प्राण वाचवले आहेत.

घोणस चावल्यावर काही रुग्णांची मूत्रपिंडे अचानक बंद पडतात. रक्तात युरिया व पोटॅशियम साचू लागते. अशी मूत्रपिंडे पुष्कळदा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. प्रश्न असतो तोवर रुग्णाला जगवण्याचा. त्यासाठी रक्त शरीराबाहेर अर्धपार्य पटलातून गाळावे लागते. यालाच अपोहन किंवा डायलिसिस म्हणतात.

१९१३ साली अमेरिकेत एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हा प्रयोग केला. पटल म्हणून कोलोडियनच्या नळ्या होत्या. त्या हाताने बनवाव्या लागत व सहज फुटत. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरले जाई. पुढे हिरुडिनची जागा हेपॅरिनने घेतली आणि कोलोडियनची जागा सेलोफेनने.

१९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टनासाठी मिळणारी सेलोफेनची नळी एका पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप मिठाच्या द्रावात फिरत ठेवले. पहिले जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ साली सतरावा रुग्ण, ६७ वर्षांची एक स्त्री, बेशुद्धीतून जागी झाली.

मग आज सेलोफेन का वापरत नाहीत? सेल्युलोजवरील हायड्रॉक्सिल गटांमुळे रक्तातील संरक्षक प्रथिने चिथावली जातात आणि पहिल्या काही मिनिटांतच पांढऱ्या पेशींची संख्या घसरते, असे १९७० च्या दशकात दिसून आले. म्हणून १९८० च्या दशकापासून पॉलिसल्फोनसारख्या बहुवारिकांच्या केसासारख्या पोकळ तंतूंचा वापर वाढत गेला. रक्ताला ती अधिक मानवतात, शिवाय त्यांच्या छिद्रांचा आकार हवा तसा ठेवता येतो.

परंतु केवळ नवे म्हणून कोणतेही प्लास्टिक चालत नाही. हे वर्गात दाखवता येईल. सेलोफेनच्या पुरचुंडीत स्टार्चची पातळ खळ भरून ती आयोडीनच्या पाण्यात ठेवा. काही वेळाने आतली खळ निळी होते. बाहेरचे पाणी निळे होत नाही. आयोडीन आत गेले, स्टार्चचे मोठे रेणू बाहेर आले नाहीत. आम्ही प्रथम हा प्रयोग केला तेव्हा खळ पांढरीच राहिली! दुकानात ‘जिलेटिन पेपर’ म्हणून मिळालेला कागद पॉलिप्रॉपिलीनचा होता. म्हणून आधी एक लहान तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर न्या: सेलोफेन कागदासारखा जळतो, पॉलिप्रॉपिलीन वितळून आकसते.

दिसायला दोन्ही सारखेच, आणि दोहोंत पॉलिप्रॉपिलीनच नवे. तरीही रक्त गाळण्याच्या कामी ते निरुपयोगी. पदार्थाचे वय विचारू नये, त्याला काम देऊन पाहावे.