एकाच गाडीतले विरोधक

डोंगरकडा जागेवरून तसूभरही हललेले नाही. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना लागणारे, केळीच्या बागांचे हे गाव कळमनुरी तालुक्यात होते आणि आजही तिथेच आहे. पण १९५२ ते १९६० या आठ वर्षांत या भागाच्या आमदाराने तीन विधानसभा पाहिल्या. आधी निजामाच्या जागी आलेल्या हैदराबाद राज्याची, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याची आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राची. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळी झाली तेव्हा जिल्हाही बदलला. इतकी स्थित्यंतरे वाट्याला आलेल्या मुलखातून आमदारांच्या वागण्याचा इतिहास पाहायला घेतला, की तो मुंबईच्या दिमाखदार इमारतीतून दिसतो त्यापेक्षा बराच वेगळा दिसतो.

आमदारांना सभ्यपणा शिकवता येतो का, हा प्रश्न अलीकडे सगळीकडे विचारला जातो. कार्यशाळा होतात, परिषदा भरतात, पुस्तिका छापल्या जातात. हैदराबादच्या १९५२ च्या विधानसभेला यातले काहीच मिळाले नव्हते.

ती विधानसभा बागेआमच्या परिसरात, जुन्या टाऊन हॉलच्या घुमटाखाली भरत असे. सदस्य १७५. त्यात काँग्रेसचे ९३ आणि कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे ४२. आकडे कोरडे वाटतात, त्यामागची गोष्ट मात्र तशी नाही. तेलंगणातला सशस्त्र लढा १९५१ च्या ऑक्टोबरात मागे घेतला गेला होता. म्हणजे जेमतेम काही महिन्यांपूर्वीपर्यंत ज्यांच्यामागे पोलीस आणि लष्कर लागले होते, त्या पक्षाची माणसे आता सरकारच्या समोर बसून तारांकित प्रश्न विचारणार होती. विरोधी पक्षनेते होते व्ही. डी. देशपांडे, मराठी माणूस. अध्यक्षांच्या खुर्चीवर काशिनाथराव वैद्य, तेही मराठी. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव तेलुगू, पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. कुणी उर्दूत बोले, कुणी तेलुगूत, कुणी मराठीत किंवा कन्नडमध्ये. समोरच्याचे बोलणे कळायचे असेल तर आधी ते नीट ऐकावे लागे. मध्येच ओरडून काही साधत नसे, कारण निम्म्या सभागृहाला ते ओरडणे कळलेच नसते. भाषेची अडचण हाच तिथला पहिला शिष्टाचार ठरला असेल, असे म्हणायला हरकत नाही.

याच सभागृहाने पुढे आपल्याच मोडतोडीवर चर्चा केली. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर हैदराबादचे तीन तुकडे होणार हे दिसत होते. कानडी भाग म्हैसूरला, तेलंगणा आंध्रला आणि मराठवाडा मुंबईला. ज्या घरात बसलो आहोत तेच वाटून घ्यायचे, अशी ती चर्चा होती. खेड्यात भावाभावांच्या वाटणीत काय काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या मानाने हे घर बऱ्याच शहाणपणाने वाटले गेले.

मराठवाड्याचे आमदार मुंबईला गेले ते अशा वेळी, की तिथले वातावरण तापलेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसे बळी गेली होती. १९५७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाकांवर एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, मराठवाड्याचे भाई उद्धवराव पाटील आणि समोर यशवंतराव चव्हाण असा सामना होता. अत्र्यांची जीभ आणि लेखणी दोन्ही सौम्य म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. तेव्हा त्या काळी सगळे गोडीगुलाबीने बोलत होते अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. बोलणे जहाल होते, पण बोलून झाल्यावर माणूस उठून जात नव्हता, समोरच्याचे उत्तर ऐकायला थांबत होता.

शिवाय प्रवास होता. हिंगोली, परभणी, नांदेडकडून मुंबईला जायचे तर मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठायचे, तिथे उतरून ब्रॉडगेजची गाडी धरायची. १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत हा शिरस्ता चालला. अधिवेशनाच्या आदल्या रात्री मराठवाड्यातले काँग्रेसवाले, शेकापवाले, समाजवादी याच एका वाटेने जाणार. डब्यात रात्र काढायची, भाकरीचा डबा उघडायचा, गाडीला उशीर झाला तर मनमाडच्या फलाटावर सामानावर बसून राहायचे. सकाळी सभागृहात ज्याच्यावर तुटून पडायचे, त्याच्या घरच्या ठेच्याची चव रात्री घेतलेली असे. मुंबईत पोचल्यावरही मुक्काम आमदार निवासातच, शेजारच्या खोलीत दुसरा पक्ष.

विरोधकांनी एकमेकांना माणूस म्हणून ओळखावे, यासाठी अमेरिकेत आता कार्यशाळा घ्यावी लागते. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला, सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर ॲरिझोना विद्यापीठाने सुसंवादासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली. ओहायोचे आमदार राहिलेले टेड सेलेस्ट यांच्या पुढाकाराने तिने राज्यांच्या आमदारांसाठी वर्ग सुरू केले. त्या वर्गात नियमांच्या आधी दोन्ही पक्षांचे आमदार आपण राजकारणात कसे आलो, हे एकमेकांना सांगतात. मनमाडच्या फलाटावर हे फुकटात होत होते.

महाराष्ट्रात पक्षाच्या भिंती ओलांडून झालेल्या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायचे तर बोट एकाच नावावर थांबते, ते म्हणजे वि. स. पागे. विठ्ठल सखाराम पागे १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने तटस्थ बसावे, घंटा वाजवावी, वेळ संपल्याचे सांगावे एवढीच अपेक्षा असते. पाग्यांनी त्या खुर्चीवर बसून एक साधा प्रश्न धरून ठेवला. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकार काम का देऊ शकत नाही? सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात त्यांनी त्याचे उत्तर आधी करून पाहिले. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही 'बहात्तरचा' एवढे म्हटले तरी पुरते. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, पाझर तलावाच्या भरावावर टोपल्या टाकलेली ती पिढी आहे.

यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने भरायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे, असा तो हिशेब. तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. पगारातून कापला जाणारा हा कर कुणाला आवडला असेल? तरी सभागृहात तो निभावला, कारण ज्यांनी विरोध करायचा ते शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट पक्ष रस्त्यावर याच मागणीसाठी भांडत होते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. तेव्हा सरकार काँग्रेसचे होते. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, तेव्हा सत्तेवर शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बसले होते, त्यात जनसंघातून आलेले आणि समाजवादी दोघेही होते. एका राजवटीने केलेला कायदा दुसरीने मोडीत काढला नाही. मागेल त्याला काम देण्याची जी हमी देशाला २००५ मध्ये मिळाली, तिचे मूळ इथे आहे.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नाही. खरी शाळा त्यानंतर भरली. रोजगार हमीवर लक्ष ठेवायला विधिमंडळाने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती नेमली. लोकलेखा समिती आहे, पंचायत राज समिती आहे, तशीच ही. अशा समितीत मंत्री नसतो. पक्षादेश लागू होत नाही. बैठक बंद दाराआड, पत्रकार नाहीत, म्हणून गॅलरीकडे पाहून बोलण्याची सोयही नाही. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद तर विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. बाहेर एकमेकांची उणीदुणी काढणारे इथे एकाच अहवालावर येतात.

समितीचा दौरा जिल्ह्यात यायचा म्हटले की काय धांदल उडते ते कळमनुरी, वसमतच्या कचेऱ्यांत काम केलेल्या कुणालाही विचारावे. पंचायत राज समिती असेल तर 'पीआरसी येणार' एवढा निरोप पुरतो. शाळेच्या भिंतींना चुना लागतो, दवाखान्यातल्या औषधांच्या नोंदी एका रात्रीत लिहून होतात. रोजगार हमीची समिती असेल तर मस्टर बाहेर निघतात. पाचसहा आमदार गाड्यांतून उतरतात, नालाबांधाच्या कडेला उभे राहतात. एक जण मोजमाप पुस्तिका उघडतो, दुसरा मस्टरवरचे नाव मोठ्याने वाचतो आणि जमलेल्या लोकांना विचारतो, हा माणूस कुठे आहे? मागून कुणीतरी सांगते, तो तर दोन वर्षांपूर्वीच वारला. नावापुढे अंगठा मात्र परवाचा असतो. तिथे उपअभियंत्याची जी अवस्था होते, ती पाहताना सत्ताधारी आणि विरोधी आमदार एकाच बाजूला उभे असतात. बांधाची उंची कागदावर दीड मीटर आणि जमिनीवर एक मीटर असेल, तर त्यात डावे-उजवे काढायला जागा उरत नाही.

मराठवाड्याच्या अनुशेषाची, म्हणजे विकासात राहून गेलेल्या वाट्याची, गोष्टही थोडीफार अशीच, पक्ष बाजूला ठेवण्याची. दांडेकर समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला, त्याच वर्षी जुलैत दोन्ही सभागृहांनी वैधानिक विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळे यायला १९९४ उजाडले.

रीतसर प्रशिक्षणाचा जमाना रोजगार हमीच्या कायद्याच्याच सुमारास सुरू झाला. दिल्लीत लोकसभेने १९७६ मध्ये संसदीय अभ्यास आणि प्रशिक्षणासाठी वेगळा विभाग काढलाच होता. १९८२ मध्ये मुंबईत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी स्थापन झाली, आता ती भाईंदरजवळ उत्तनला आहे. म्हाळगी जनसंघाचे, मावळातून आणि पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आलेले. वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांना देणारा हा आमदार होता, त्यामुळे लोकप्रतिनिधींना शिकवणाऱ्या संस्थेला त्यांचे नाव शोभते. संस्थेचे गोत्र सर्वांना ठाऊक आहे, तरी तिथल्या वर्गांना इतर पक्षांचे लोकप्रतिनिधीही गेले आहेत. विधिमंडळाचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याला पाग्यांचे नाव आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. जून २०२३ मध्ये मुंबईत देशभरातल्या आमदारांचे मोठे संमेलन झाले, तेही पक्षभेद बाजूला ठेवून.

वर्ग वाढले. पण ९ नोव्हेंबर २००९ रोजी शपथ हिंदीत घेतली म्हणून सभागृहातच एका आमदाराला मारहाण झाली आणि चार जण चार वर्षांसाठी निलंबित झाले. ५ जुलै २०२१ रोजी अध्यक्षांच्या दालनातल्या प्रकारावरून बारा आमदारांना वर्षभरासाठी बाहेर काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ती कारवाई रद्द केली, म्हणजे शिस्त लावणाऱ्यांनाही मर्यादा शिकवावी लागली. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांच्या अंगावर गेले. यात कोणताही एक पक्ष सुटत नाही, म्हणून पक्षांची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

एका विषयावर मात्र कुणालाच प्रशिक्षण लागले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या पगारवाढीचे विधेयक चर्चेशिवाय, एकमताने संमत झाले.

अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना चहाला बोलवायचे, ही महाराष्ट्राची जुनी रीत. मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात रामगिरीवर. आणि विरोधकांनी पत्रकार परिषद घेऊन त्या चहापानावर बहिष्कार टाकायचा, हीही आता तितकीच जुनी रीत झाली आहे. सत्तेत कोण आहे यावर फक्त निमंत्रण कोण देणार आणि बहिष्कार कोण टाकणार एवढेच ठरते. कपबशा दोन्ही वेळा मांडल्या जातात.

अशा एका नाकारलेल्या चहाचा धागा डोंगरकड्याच्या मतदारसंघापर्यंत येतो. कळमनुरीतून २००९ मध्ये विधानसभेवर गेलेले राजीव सातव २०१४ मध्ये हिंगोलीतून अवघ्या १,६३२ मतांनी लोकसभेवर निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेल्या दोनच जागांतली ही एक, दुसरी शेजारची नांदेड. संसदेतल्या कामासाठी त्यांना संसदरत्न पुरस्कार एकाहून अधिक वेळा मिळाला. पुढे ते राज्यसभेवर गेले. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकांवरून झालेल्या गोंधळात ज्या आठ खासदारांना निलंबित केले गेले, त्यांत सातवही होते. उत्तम संसदपटू आणि निलंबित सदस्य, दोन्ही शिक्के एकाच माणसावर.

निलंबित खासदारांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्यापाशी रात्रभर धरणे धरले. २२ सप्टेंबरच्या सकाळी उपसभापती हरिवंश घरून चहा घेऊन तिथे आले. ज्यांच्याशी झालेल्या वर्तनावरून निलंबन झाले, तेच स्वतः कप पुढे करत होते. खासदारांनी चहा घेतला नाही. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, कोविडनंतरच्या आजारपणात सातव गेले. त्या दिवशी त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांत, ज्यांच्या विधेयकांविरुद्ध ते त्या रात्री उघड्यावर बसले होते, तेही होते.