एक नौका, एक नोंद
मिरकरवाडा बंदरात उभे राहून मी नौकांवरची नावे वाचतो. एकच नाव दोन नौकांना असू शकते, नोंदणी क्रमांक मात्र ज्याचा त्याचा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यासाठी अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली. त्यानंतर देशभरातील मासेमारी नौकांची एकसारखी नोंद 'रिअलक्राफ्ट' या संगणकीय प्रणालीत होऊ लागली. समोरची नौका कोणाची, हे चटकन कळणे जिवाचा प्रश्न ठरले होते.

पण कागद संगणकात गेले म्हणजे दप्तर लागले, असे मला वाटत नाही. एकाच दाखल्याच्या नकला नोंदणीच्या, परवान्याच्या अशा निरनिराळ्या फायलींत पडल्या, की मालक बदलल्यावर एक दुरुस्त होते, दुसरी तशीच राहते. म्हणून चांगल्या संगणकीय दप्तरात दाखला एकदाच ठेवतात; इतर फायलींत त्याचा फक्त पत्ता असतो. नव्या फाईलचा गणिताने ठसा काढतात. तोच ठसा आधी असेल, तर ती पुन्हा साठवत नाहीत.

मात्र तोच कागद पुन्हा स्कॅन केला, की ठसा बदलतो. अशा वेळी नौकेचा क्रमांक आणि तो ताडून पाहणारा जाणता कारकून, हेच कामी येतात.