अण्णांच्या जीपचा टायरॉड

आमच्या गावात जीपला कुणी ट्रक म्हटलं असतं, तर माणसं हसली असती. पण अमेरिकी लष्कराच्या दप्तरी तिची नोंद ‘पाव टनी ट्रक, चार बाय चार’ अशीच होती. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना आली, गावोगावचे ब्लॉक झाले आणि साहेबांना घेऊन जीप आमच्या वाटांवर आली. साहेब बदलत गेले, जीपा म्हाताऱ्या झाल्या, लिलावात निघाल्या. तशीच एक अण्णांनी 1978 साली घेतली.

कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. मृग लागला की दोन ओढे आडवे येत, एस.टी. अलीकडेच थांबे. आजारी माणूस, खताची पोती, लग्नाचं वऱ्हाड, सगळं या जीपमधनंच जाई. पुढची चाकं ओढणारी आणि वळणारीही तीच. त्यांना जोडणारे टायरॉड अॅक्सलपाशी खाली असत. वर्षानुवर्षं चिखल, ओढ्याचं पाणी आणि ग्रीसचा दुष्काळ. सगळं गंजून एकजीव झालेलं.

त्या साली वळवाच्या आधीच स्टेअरिंगला प्ले आला. हातातलं चाक वीतभर फिरलं तरी गाडी सरळच. बॉक्समधनं ऑइलही गळायला लागलं. घाटात एकदा अण्णांना घाम फुटला, तेव्हा कुठं त्यांनी तालुक्याच्या मेस्तरींना बोलावलं.

मेस्तरी यायच्या आधीच अण्णांनी हात घातला होता. डाव्या बाजूच्या टायरॉडच्या सांध्याचा नट काढला आणि आट्यांवरच हातोडा घालायला सुरुवात केली. सांधा हलेना. आट्यांचं टोक मात्र चेपायला लागलं.

“आण्णा, आट्यावर मारू नगासा!” मेस्तरी सायकलवरनं उतरता उतरताच ओरडले. “नट परत चढवा. चार आटे तरी बसूद्यात.”

मग त्यांनी मला समजावलं. या सांध्याची खुंटी निमुळती असते, ती ज्या भोकात बसते तेही निमुळतं. नट आवळला की खुंटी पाचरीसारखी रुतते. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर टोकावर ठोकून निघत नाही, तसंच हे. आधी भोकाची पकड सुटली पाहिजे.

त्यांनी मला मोठा घण दिला आणि भोकाच्या एका बाजूला घट्ट टेकवून धरायला सांगितलं. समोरच्या बाजूनं त्यांनी दुसरा हातोडा हाणला. माझे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. “ह्या दणक्यानं भोक क्षणभर लांबट होतंय, आन् खुंटीला सुटायला वाट मिळतीया,” ते म्हणाले. चौथ्या दणक्याला टक् आवाज आला आणि सांधा नटावर लोंबकळला. नट ठेवला नसता, तर सगळं माझ्या पायावर आलं असतं.

ड्रॉप आर्मला मात्र असा हातोडा चालवला नाही. तो बॉक्सच्या शाफ्टवर दात्यांनी बसलेला. बाहेरून मारलेला दणका थेट आतल्या बेअरिंगला लागतो. मेस्तरींनी आधी शाफ्टवर आणि आर्मवर छिन्नीनं एकाच रेषेत खूण केली. परत बसवताना एक दाता जरी चुकला, तरी चाकं सरळ आणि स्टेअरिंग भलतीकडंच. मग रॉकेल सोडलं, नट थोडा सैल ठेवला, पुलर लावून आवळला आणि आम्हाला लांब बसवलं. चहा अर्धा झाला तोच खाड्कन आवाज आला. आर्म सुटला होता.

अण्णा खूश झाले. “जाम झालेलं सगळं निघालं म्हणायचं!”

मेस्तरी काही बोलले नाहीत. ते उजव्या बाजूच्या सांध्याशी बसले होते. तिथं गंज नव्हता, झगडा नव्हता. त्यांनी तो नुसत्या हातानं खालीवर केला आणि आतला गोळा वाटीतून अर्धा बाहेर आला. गोळा झिजून अंड्यासारखा झाला होता.

“सकाळधरनं तुम्ही ह्या घट्टाला शिव्या देताय. गाडी त्यानंच धरली हुती. घाटात घात झाला असता तो ह्या सैलानं.”

अण्णा मटकन् खाली बसले. आदल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या बाळंतिणीला याच जीपमधनं घाट उतरवून नेलं होतं.

दोन्ही सांधे नवे घातले. पैसे कमी पडले, तेव्हा आईनं भाताची दोन पोती विकली. जुना वेल्डिंग करून चालणार नाही का, असं अण्णांनी एकदाच विचारलं. मेस्तरींनी नुसती मान हलवली.

त्यानंतर दर अमावास्येला जीपचे टायर धुऊन नारळ फोडायच्या आधी अण्णा खाली वाकत, प्रत्येक सांधा हातानं हलवून बघत आणि ग्रीसगन मागत. ती गन माझ्याकडं आली. जीप गेली, गन अजून घरात आहे.