अवघड शब्दांची मिरासदारी : बंगालच्या इतिहासातील एक धडा

इंग्रजी शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे मेकॉलेपासून सुरू होतो आणि बहुधा मेकॉलेपाशीच संपतो. कोणी त्याला शिव्या घालतो, कोणी त्याचे आभार मानतो. पण इंग्रजी म्हणजे अखेर शब्द, आणि कोणता शब्द कोणाच्या घरी कधी पोहोचला, कोणी तो कोठे अडवून धरला, याचा हिशोब कोणी मांडत नाही. जमिनीला जशी मिरासदारी असते तशी ती शब्दांनाही असते. ती कशी तयार होते हे पाहायचे असेल तर बंगालकडे पाहावे. या देशात इंग्रजी शब्दांचा बाजार प्रथम मोठ्या प्रमाणावर भरला तो कलकत्त्यात.

१७७४ मध्ये कलकत्त्यात सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. कोर्ट आले म्हणजे वकील आले, अर्ज आले, दुभाषे आले. साहेबाच्या कचेरीत दोन-चारशे इंग्रजी शब्द ज्याला येत त्याला मान होता आणि पैसाही होता. वाक्यरचना येवो न येवो, शब्द पाहिजे. १७९३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-बंगाली शब्दसंग्रह छापून निघाला. १७९९ आणि १८०२ मध्ये फॉर्स्टरचा दोन भागांचा कोश आला. शिवनाथ शास्त्री यांनी रामतनु लाहिडींच्या चरित्रात त्या काळाचे चित्र दिले आहे. ज्याला जास्त शब्द पाठ तो जास्त विद्वान, अशी तेव्हाची समजूत होती. मुलांना पाठ करायला सोपे जावे म्हणून इंग्रजी शब्द आणि त्यांचे बंगाली अर्थ पद्यात बसवले जात. अशा एका पद्यात तत्त्वज्ञ आणि नांगरधारी शेतकरी यांचे इंग्रजी शब्द शेजारी शेजारी येतात, आणि पाठोपाठ भोपळा आणि काकडी. गंमत वाटावी अशी ही यादी आहे. पण मनात प्रश्न येतो : हे पद्य घोकणाऱ्यांत तत्त्वज्ञाची मुले किती होती आणि नांगरधाऱ्याची किती? नांगरधारी यादीत होता, वर्गात नव्हता.

२० जानेवारी १८१७ रोजी हिंदू कॉलेज सुरू झाले. त्याचा हेतू नियमावलीतच स्पष्ट लिहिलेला होता : प्रतिष्ठित हिंदूंच्या मुलांना शिक्षण देणे. प्रतिष्ठित कोण हे वेगळे सांगण्याची गरज त्या काळी कोणाला वाटली नाही. १८२४ मध्ये संस्कृत कॉलेज निघाले. तेथे फक्त ब्राह्मण आणि वैद्य या दोन जातींना प्रवेश होता. १८५१ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ते कायस्थांना खुले केले, त्यानंतर १८५४ मध्ये इतर प्रतिष्ठित हिंदूंना. विद्यासागर मोठे सुधारक, त्यांचे मोठेपण मी कमी करीत नाही. पण त्या दाराची फळी किती सावकाश सरकत होती, हे लक्षात घ्यावे. आणि ती सरकून सरकून कोठे थांबली, तेही पाहावे. चांडाल म्हणून हिणवलेल्या शेतकऱ्याच्या पोरापर्यंत ती सरकली नाही.

रामकमल सेन यांचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. छापखान्यात खिळे जुळवणारा हा माणूस पुढे टाकसाळीचा दिवाण झाला, आणि १८३४ मध्ये त्यांचा दोन खंडांचा इंग्रजी-बंगाली कोश प्रसिद्ध झाला. गरिबीतून वर आलेला माणूस म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मात्र ते वैद्य जातीचे होते. त्यांच्या गरिबीला फक्त पैशाची वाण होती, अक्षराची बंदी नव्हती. गरिबी आणि अस्पृश्यता यांतला हा फरक आपले अनेक विचारवंत आजही विसरतात.

पुढची पावले सर्वांना ठाऊक आहेत. १८३५ मध्ये मेकॉलेचे टिपण आणि बेंटिंकचा ठराव आला. १८४४ मध्ये हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती द्यावी असे ठरवले. १८५० मध्ये प्यारीचरण सरकारांचे पहिले इंग्रजी वाचन-पुस्तक निघाले आणि बंगालच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५८ मध्ये बंकिमचंद्र पहिल्या पदवीधरांत गणले गेले. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे सरकारचे गणित होते. ते झिरपले नाही. आपल्याकडे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच ठणकावून सांगितले होते, आणि तेही इंग्रजीत लिहून. सावित्रीबाईंनी तर त्याआधी १८५४ च्या आपल्या ‘काव्यफुले’मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहीत आहे त्याकडे येतो. बंगालमधल्या दलित मुलापुढे इंग्रजीची एकच भिंत नव्हती, दोन भिंती होत्या. १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथील पंडितांच्या हातून जे बंगाली गद्य घडले ते संस्कृत शब्दांनी लादलेले होते. पुढे पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत हीच ‘साधु भाषा’ रुजली. अवघड इंग्रजी शब्दाला कोशात अर्थ मिळे तो या भाषेतला. ‘पर्सिव्हिअरन्स’ म्हणजे ‘अध्यवसाय’. ‘इन्डिस्पेन्सेबल’ म्हणजे ‘अपरिहार्य’. भद्रलोकांच्या मुलाने ‘अध्यवसाय’ हा शब्द घरी आजोबांच्या तोंडून ऐकलेला असे. त्याला एकच शब्द नवा. फरिदपूरच्या किंवा बारिसालच्या बिलात, कमरेएवढ्या पाण्यात भात कापणाऱ्याच्या मुलाला दोन्ही शब्द परके. त्याच्या बोलीत त्यासाठी ‘लेगे थाका’ आहे, म्हणजे चिकटून राहणे. पण कोशकाराला ‘लेगे थाका’ शोभले नाही. म्हणजे ज्या गुणावर या मुलाचे सारे कूळ जगत आले, त्याचेच नाव त्याला दोनदा परक्या भाषेत पाठ करावे लागले.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील कोळशाच्या खाणीत लोडर होते. सही करायला ते उशिरा शिकले. पण ‘हॉलेज’, ‘ओव्हरमन’, ‘शिफ्ट’, ‘सपोर्ट’, ‘गॅस’ असे किती तरी इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी होते आणि प्रत्येकाचा नेमका अर्थ त्यांना ठाऊक होता. अर्थ चुकला तर जीव जायचा. तरीही त्यांना इंग्रजी येते असे कोणी म्हटले नाही. मला कॉलेजात एक प्राध्यापक ‘चिकाटी’ हा शब्द खोडून ‘अध्यवसाय’ लिहायला लावीत. तेव्हा भिंत एकट्या बंगालातच नव्हती.

बंगाली श्रमिकांनीही इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने पचवले. ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला, ‘जनरल’चा ‘जाँदरेल’ झाला, ‘हॉस्पिटल’चे ‘हासपाताल’ झाले. बंगालीत ‘व’चा आणि ‘झ’चा इंग्रजी उच्चार नाही म्हणून ‘व्ह’चा ‘भ’ आणि ‘झेड’चा ‘ज’ होतो. शब्दाच्या आरंभी ‘स’चे जोडाक्षर आले की बहुधा पुढे ‘इ’ लागते आणि ‘इस्कूल’ होते. आपल्या खेड्यातही ‘इस्कूल’च म्हणतात. हा भाषेचा स्वभाव आहे, अडाणीपणा नव्हे. पण मुलाखतीच्या टेबलाशी बसलेल्यांना तो अडाणीपणाच वाटतो, कारण उच्चारावरून कूळ ओळखण्याची कला त्यांना चांगली अवगत असते.

या दुहेरी भिंतीला बंगालच्या नमःशूद्रांनी जी टक्कर दिली तिची माहिती आपल्या वाचकांना फारशी नाही. १८७२-७३ मध्ये फरिदपूर-बाकरगंज भागात त्यांनी उच्चवर्णीयांची कामे नाकारून संप केला. उपासमारीमुळे तो काही महिन्यांत मोडला. हरिचांद ठाकूर (१८१२-१८७८) यांनी मतुआ पंथ उभा केला. त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी त्या पंथाला शिक्षणाच्या मार्गावर आणले. ओडाकांदी या त्यांच्या गावी ऑस्ट्रेलियन बाप्टिस्ट मिशनरी मीड यांच्या मदतीने १९०८ मध्ये उच्च इंग्रजी शाळा उभी राहिली. मिशनऱ्याला धर्म द्यायचा होता, गुरुचांदांना शाळा हवी होती. गुरुचांदांनी शाळा घेतली आणि पंथ सोडला नाही. १९११ च्या जनगणनेत ‘चांडाल’ हे नाव जाऊन ‘नमःशूद्र’ आले. सरकारदरबारी एक शब्द पुसून दुसरा लिहवून घेण्यासाठी अर्ज लिहावे लागतात, आणि अर्ज इंग्रजीत होते. शब्दसंग्रह म्हणजे काय, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला माहीत नाही.

याच समाजातून जोगेंद्रनाथ मंडल आले. बारिसालच्या खेड्यातला हा मुलगा वकील झाला. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगालमधून घटना समितीवर निवडून आले, त्यात मंडलांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्राने दार लावलेले असताना बंगालच्या दलितांनी ते उघडले, हे ऋण आपण विसरता कामा नये. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो दीर्घ पत्र इंग्रजीत लिहून. आपल्या लोकांवरील अत्याचारांची नोंद त्यांनी त्या भाषेत करून ठेवली. म्हणून ती पुसता आली नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने १९८० नंतरच्या वर्षांत सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले आणि ते सहावीपासून ठेवले. युक्तिवाद प्रामाणिक होता : मातृभाषेतून शिकल्यास गरिबाचे मूल शाळेत टिकेल. मातृभाषेचे तत्त्व मला मान्य आहे. पण ज्यांना परवडत होते त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, शिकवण्या लावल्या, पी. के. दे सरकारांचे व्याकरण आणि ए. टी. देवांचा कोश घरी आणून दिला. ज्यांना परवडत नव्हते त्यांची मुले सहावीत पहिले अक्षर शिकली आणि पुढे त्यांच्याच शेजारी परीक्षेला बसली. २००४ पर्यंत इंग्रजी पहिलीत परत आले. आपल्याकडे ते २००० मध्ये पहिलीपासून आले. मधल्या पिढीला भरपाई कोण देणार?

हा इतिहास दूरचा नाही. फाळणीनंतरचे बंगाली निर्वासित, त्यांत बहुसंख्य नमःशूद्र, आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात वसवले गेले. बंगालात अनुसूचित जातीत गणला गेलेला हा समाज येथे त्या यादीबाहेर राहिला. या वस्त्यांतली मुले माझ्या वर्गात असतात. एका मुलीची वही मी पाहिली. तिने इंग्रजी शब्द, त्यापुढे बंगाली अर्थ, त्यापुढे मराठी अर्थ असे तीन रकाने केले होते. ‘एज्युकेशन’पुढे बंगाली रकान्यात होते ‘शिक्षा’. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे जे शिक्षण ते तुमच्याकडे शिक्षा कसे?” मी तिला शब्दाचा इतिहास सांगितला. पण आपल्या लोकांच्या शाळेचा अनुभव पाहता दोन्ही अर्थ खरे ठरले आहेत, हेही तिला सांगितले.

मनोरंजन ब्यापारी हे याच निर्वासितांतले लेखक. ते तुरुंगात अक्षरे शिकले आणि नंतर कलकत्त्यात सायकलरिक्षा ओढीत. वाचताना एक शब्द अडला तो त्यांनी रिक्षात बसलेल्या बाईंना विचारला : ‘जिजीविषा’ म्हणजे काय? जगण्याची इच्छा, असे उत्तर मिळाले. त्या बाई महाश्वेतादेवी होत्या. त्यांनी ब्यापारींना आपल्या ‘बर्तिका’ या नियतकालिकासाठी लिहायला सांगितले. लक्षात घ्या, अडलेला शब्द इंग्रजी नव्हता, मातृभाषेतला म्हणवला जाणारा होता. आणि ज्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता त्याच्याइतकी ती गोष्ट कोणाजवळ नव्हती.

म्हणून इंग्रजी की मातृभाषा, हा वाद आपल्यासाठी अपुरा आहे. कोणाची मातृभाषा, हे आधी विचारले पाहिजे. आपल्या मुलांना अवघड इंग्रजी शब्द शिकवायचे आहेतच, आणि थोडे नव्हे, भरपूर. पण ‘पर्सिव्हिअरन्स’ला ‘चिकाटी’ लिहावे, ‘इन्डिस्पेन्सेबल’ला ‘ज्यावाचून चालत नाही’ लिहावे. मधला संस्कृतचा टोलनाका काढून टाकावा. खाणीतला, शेतातला, बंदरातला शब्द कोशाच्या पहिल्या ओळीत यावा. हे काम सरकार करील तेव्हा करो. ज्या शिक्षकांच्या घरात आपल्याआधी कोणी पदवी घेतली नाही, त्यांनी ते उद्याच्या तासापासून फळ्यावर सुरू करावे.